पेपर होईपर्यंत

एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी नांदेडला बाबा गेले. मी लातूरला होते. संध्याकाळी त्यांना माती दिली. मला हे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा पेपर झाल्यावर सांगण्यात आलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी नांदेडच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. एप्रिलमध्ये आवारातल्या कडुनिंबाला मोहोर येतो आणि त्याचा कडवट-गोड वास परीक्षेच्या हॉलमध्ये शिरतो. मी पर्यवेक्षणाच्या खुर्चीत बसलेली असते, पंख्याखाली पुरवण्या फडफडत असतात आणि कुणीतरी पोरगी पेनाचं टोपण चावत खिडकीबाहेर बघत असते. दर वर्षी अशा एखाद्या पोरीकडं बघताना माझ्या मनात पहिल्यांदा तोच प्रश्न येतो: हिच्या घरी सगळं ठीक असेल ना, आणि नसेल तर हिला माहीत असेल ना?

त्या उन्हाळ्यात बारावीची परीक्षा संपवून मी लातूरलाच थांबले होते. शेवटच्या महिन्याचा क्लास होता. हॉस्टेल म्हणजे एका घराचा वरचा मजला, खाली मालकीणबाई राहायच्या, त्यांना आम्ही काकू म्हणायचो, आणि मेसही त्यांचीच. गल्लीच्या टोकाला डाळमिल होती. दिवसभर तिची धडधड चालायची आणि दोरीवर टाकलेल्या कपड्यांवर पिवळसर भुकटी बसायची. पाणी टँकरचं. चौकाचौकात क्लासचे फलक होते, त्यांवर आधीच्या वर्षी डॉक्टरकीला लागलेल्या मुलांचे चेहरे. पासपोर्टचे फोटो मोठे केलेले असल्यामुळं ती सगळी मुलं घाबरलेली दिसायची. आम्ही त्या चेहऱ्यांखालून सायकली दामटत जायचो.

मधल्या एका आठवड्यापासून सगळे माझ्याशी फार चांगले वागायला लागले. काकू वरणावर न मागता तूप वाढायच्या. बायोलॉजीचे सर, जे कुणाकडं कधी मान वर करून बघायचे नाहीत, त्यांनी जिन्यात थांबवून डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटा, तू फक्त पेपरकडं बघ." खोलीतल्या दोघी सकाळचं वर्तमानपत्र माझ्या आधी खाली जाऊन आणायच्या आणि त्याची आतली पानं गायब असायची. मला वाटलं, मागच्या टेस्टमध्ये माझा नंबर वर आलाय म्हणून हे चाललंय. मी थोडी शेफारलेही होते.

आईचा फोन रोज संध्याकाळी काकूंच्या मोबाईलवर यायचा.

"बाबा कुठंयत?"

"धरणावर गेलेत. पाळी हाय त्यांची."

"मग त्यांच्याच मोबाईलवर लावते."

"लागत न्हाई. पाण्यात पडला त्यो. वाकून काय बघाय गेले अन् खिशातून गेला खाली."

बाबा विष्णुपुरीच्या धरणावर नोकरीला होते. गेटजवळ उभं राहून, चष्मा सावरत, पाण्यात वाकून बघणारे बाबा मला लगेच डोळ्यांपुढं दिसले. असं होणं अगदी त्यांच्यासारखंच होतं. रात्री मेसमध्ये ताटावर बसून मी ती गोष्ट सगळ्यांना सांगितली, बाबा कसे वाकले असतील याची नक्कलही केली. सगळ्या पोरी हसल्या. काकू पोळी उलटता उलटता हसल्या. त्या सगळ्यांना माहीत होतं.

न्यायदर्शन शिकवताना मला या जेवणाच्या पंगतीपाशी थांबावं लागतं. ज्ञान मिळवण्याच्या मार्गांत नैयायिक शब्दालाही जागा देतात. डोळ्यांनी पाहिलेलं आणि अनुमानानं काढलेलं जसं ज्ञान, तसंच भरवशाच्या माणसाच्या तोंडून ऐकलेलंही ज्ञानच. भरवशाचा माणूस कोण? ज्याला गोष्ट जशी आहे तशी माहीत आहे आणि ती तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. पश्चिमेकडं बराच काळ या ऐकीव ज्ञानाला खालच्या पंक्तीत बसवलं गेलं. स्वतः पाहा, स्वतः तपासा, दुसऱ्याचा शब्द म्हणजे उसना माल, असा तिथला खाक्या. मग काहींच्या लक्षात आलं की असं म्हणणाऱ्याला स्वतःचा वाढदिवसदेखील कुणाच्या तरी सांगण्यावरूनच माहीत असतो.

हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "मॅडम, मग व्हॉट्सअ‍ॅपवर काका लोक पाठवतात ते पण प्रमाण का?" वर्ग हसतो. मीही हसते आणि पुढं जाते. पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही: ज्याला माहीत आहे, जो तुमच्यावर जिवापाड प्रेम करतो, आणि नेमक्या त्याच कारणानं जो तसं सांगणार नाही, त्याचं काय करायचं? व्याख्येतल्या दोन अटींपैकी एक गळून पडते. माझ्याबाबतीत ती आईच्या हातून पडली.

ठरवलं होतं मामांनी. माझे मामा, आईचे थोरले भाऊ, धर्माबादला मिरचीच्या आडतीत होते. आवाज खणखणीत, माणूस लई प्रेमळ. बाबांना आंघोळही घातली नव्हती तेव्हा ते आमच्या अंगणात उभे राहून म्हणाले, "पोरीचं दोन वर्साचं कष्ट हाय. गेलेला माणूस काय येणार न्हाई. पेपर होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं न्हाई." हे मला पुढं मामींनी सांगितलं, आणि अभिमानानं सांगितलं. अंगणात सगळी भावकी होती. कुणी विरोध केला होता का, असं मी नंतर एकेकाला विचारून पाहिलं. विरोध कशाला करायचा, हेच त्यांना कळेना.

पेपरच्या आधीच्या रविवारी आई लातूरला आली. मीच हट्ट धरला होता, बाबांना घेऊन ये म्हणून. ती एकटी आली. गेटमधून आत येताना मी तिला वरून पाहिलं. कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, हातात हिरव्या बांगड्या होत्या. तिनं डब्यातून शेंगदाण्याच्या पोळ्या आणल्या होत्या. ती माझ्या पलंगावर बसली, माझी वही उलटीपालटी धरून बघितली, म्हणाली, "लई बारीक लिवतीस. डोळे जातील." बाबांना सुट्टी मिळाली नाही म्हणाली. मी रुसले. ती गेल्यावर पोळ्या खाल्ल्या.

धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो, पण धुकं पाहून धूर समजलं तर अनुमान फसतं, हे उदाहरण मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. पहिल्यांदा शिकवलं तेव्हा खडू हातात तसाच राहिला. मी त्या रविवारी कुंकू पाहिलं होतं आणि त्यावरून काही अनुमानही काढलं नव्हतं. आईच्या कपाळावरचं कुंकू कुणी पाहतं का? भिंत पाहावी तसं ते पाहिलं जातं. फक्त बांगड्या नव्या दिसल्या होत्या, आणि मला वाटलं, हिला बरी हौस सुचतेय माझ्या परीक्षेच्या तोंडावर.

पुढं कितीतरी वर्षांनी, एकदा तांदूळ निवडता निवडता, आईनं आपण होऊन तो दिवस काढला. "वहिनीनंच आरसा धरला," ती म्हणाली. "ज्या बायांनी माझ्या बांगड्या फोडल्या त्यांनीच नव्या भरल्या. आपल्यात सुतक धरू नये म्हणतात, कुंकवाचा भेद न्हाई म्हणतात, पण ते म्हणायचं. त्या दिवशी मात्र कुणाची हरकत न्हवती. नांदेडहून बसले एसटीत. शेजारची बाई म्हणाली, मालक काय करतात? मी म्हणलं, धरणावर हायेत. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, लातूर येईस्तोवर आम्ही दोघी नवऱ्याच्या तक्रारी करत आलो. लई दिवसांनी बोलल्यागत वाटलं."

"आणि जाताना?"

"जाताना अहमदपूरच्या पुढं काढल्या एकेक. पिशवीत टाकल्या. फोडल्या न्हाईत."

ते ऐकल्यावर माझ्या रागाला बसायला जागा उरली नाही. राग गेला असं नाही. तो उभाच राहिला. माझ्याशी बोललेल्या खोट्यात तिला एक दिवस मिळाला होता, आणि तो तिच्याकडून काढून घ्यावा असं मला वाटत नाही. पण तो माझ्या हिश्शातून दिला गेला होता, आणि मला विचारून दिला नव्हता.

पेपर झाला. केंद्राबाहेर मामा गाडी घेऊन उभे होते. मी म्हटलं, तुम्ही कसे काय? ते म्हणाले, "पेपर कसा गेला ते सांग आधी." मी म्हटलं, बरा गेला. मग त्यांनी रस्त्यापलीकडच्या गुऱ्हाळावर नेलं. बाकड्यावर बसवलं. मी काहीतरी विचारत होते, फिजिक्समधल्या एका प्रश्नाबद्दल सांगत होते, आणि ते म्हणत होते, "रस पी आधी. सगळा पी." मी सगळा प्याले. आलं घातलेला उसाचा रस होता, बर्फ जास्त झाला होता. ग्लास खाली ठेवल्यावर त्यांनी सांगितलं.

जग आपल्या जाणण्यावर अवलंबून आहे, जाणिवेबाहेर वस्तू नाही, असं मानणारी मतं आपल्याकडंही झाली आणि युरोपातही झाली. फार हुशार माणसांनी ती मांडली आहेत, मी ती प्रामाणिकपणे शिकवते. पण त्या मतानं गेलं तर बाबा त्या मंगळवारी गेले नाहीत. ते आणखी तीन आठवडे जगले, धरणावर पाळी करत राहिले, आणि मेले ते गुऱ्हाळाच्या बाकड्यावर, मामांच्या एका वाक्यानं. मला हे चालणार नव्हतं. माणूस गेला तेव्हा गेला. कुणाला कळो न कळो, त्याचं जाणं त्याचं आहे. लोक विचारतात, तुम्ही वास्तववादी कशा झालात. ग्रंथ वाचून झाले असं मी सांगते.

त्या दिवसांत मी बाबांसाठी काहीबाही साठवत होते. सरांच्या बोलण्यातली एक लकब, गल्लीतल्या टँकरवाल्याची आणि काकूंची भांडणं, घरी गेल्यावर सांगायचं म्हणून. ते सगळं ज्याला सांगायचं होतं तो तेव्हा कुठंही नव्हता. मी रोज संध्याकाळी अशा माणसाशी मनातल्या मनात बोलत होते आणि आजूबाजूचे लोक मला बोलू देत होते.

घरी पोचले तेव्हा घरातलं रडणं संपलं होतं. बाबांची खाट भिंतीकडं सरकवली होती, कपडे वाटून झाले होते, खुंट्या मोकळ्या होत्या. आई चहा करत होती. मी नव्यानं रडायला लागले आणि सगळे मला समजावायला लागले, त्या दुःखात माझ्याआधी कधीचेच राहायला आलेल्या लोकांसारखे. नैयायिक म्हणतात की अभाव हीसुद्धा खरी गोष्ट आहे. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला दिसतं. घट जसा दिसतो तसाच त्याचं नसणंही दिसतं. काही विरोधक म्हणाले, छे, दिसते ती नुसती रिकामी जमीन. मी नैयायिकांच्या बाजूची आहे. पण त्यांचं म्हणणं खरं ठरायला निदान ती जमीन तरी समोर असावी लागते. माझी जमीन मी येण्याआधीच सारवून ठेवली होती.

नाशानंतरच्या अभावाला सुरुवात असते, शेवट नसतो, असं ते मानतात. माझ्याकडं ती सुरुवातही नाही.

महिन्याभरानं मी मामांशी भांडले. म्हटलं, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. ते जेवत होते. शांतपणे म्हणाले, "आपल्यात माणूस मरतो का? लिंगैक्य होतो. माती देताना बसवतो आपण, झोपवत न्हाई. तुझे बाबा बसलेले हायेत. मग धरणावर हायेत म्हणलं तर काय बिघडलं?" आणि हसले, मामीही हसल्या. त्यांना मला हसवायचं होतं. तो युक्तिवाद नव्हता, माया होती, आणि मायेला दोष कसा दाखवायचा हे कुठल्याच दर्शनात नीट सांगितलेलं नाही.

मार्क कमी पडले. थोडेच कमी पडले. म्हणजे ज्याच्यासाठी सगळं केलं तेही झालं नाही. परिणामावरून कृती तोलावी असं मानणाऱ्यांच्या तराजूतही ते खोटं हलकं निघालं. दुसरीकडं एक युरोपीय विचारवंत होता, तो म्हणायचा, खुनी दारात येऊन तुमचा मित्र कुठं लपलाय विचारू लागला तरी खोटं बोलू नये. वर्गात मुलं हसतात, हा माणूस वेडा होता म्हणतात. आईला एकदा मी हे सांगितलं होतं. ती म्हणाली, "त्याला पोरं होती का?" नव्हती. "मग," ती म्हणाली आणि उठून गेली. मला तिच्याकडून इतकी वर्षं एकच शब्द हवा होता, चुकलं. तो तिनं दिला नाही. "चुकलं कसं? तू पेपर दिलास न्हवं?"

यंदाच्या एप्रिलमध्ये मामा गेले. दुपारी आडतीवरून आले, पाणी मागितलं आणि गेले. मी आणि आई धर्माबादला गेलो. माती देऊन झाल्यावर शिवराज, मामांचा मुलगा, मला बाजूला घेऊन गेला. त्याची लेक गौरी लातूरला आहे, त्याच परीक्षेच्या तयारीला. "ताई," तो म्हणाला, "पोरीला सांगितलं न्हाई. पेपर होऊ द्या. तिचा तुम्हाला फोन आला तर आजोबाला तपासणीला नेलंय एवढंच म्हणा. आमचं खरं धरणार न्हाई ती. तुमच्यावर तिचा लई विश्वास हाय."

परतीच्या गाडीत आई म्हणाली, "तू काय बोलू नकोस तिला. लेकरू हाय."

"मीपण लेकरूच होते."

बाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेलं रान होतं. "हाव," ती म्हणाली, "होतीस."

गौरीचा फोन आला तो त्याच आठवड्यात. मागं कुणीतरी सूत्रं पाठ करत होतं.

"आत्या, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"आजोबांचा फोन लागत नाही. बाबा म्हणतात बिघडलाय. मम्मी म्हणते झोपलेत. दोघं एकाच वेळी दोन सांगतात. आजोबा बरेयत ना?"

मी जिन्यात उभी होते. आई आत होती, तिला ऐकू जात होतं. इतक्या वर्षांत मी या क्षणाची तालीम केलेली होती, फक्त दुसऱ्या बाजूनं. मला वाटलं होतं, ज्याला विचारलं जातं त्याच्यापुढं दोन रस्ते असतात. तिथं उभं राहिल्यावर दिसलं, की तो कानाला फोन लावलेला एक माणूस असतो आणि पलीकडं एक पोरगी उत्तराची वाट बघत असते.

"गेले गं," मी म्हटलं. "सोमवारी."

सूत्रं पाठ करणारा आवाज चालू राहिला, मग फोन बंद झाला.

ती धर्माबादला आली, एक दिवस राहिली, परत गेली. शिवराजनं मला फोन केला. ओरडला नाही. म्हणाला, "ताई, झालं का समाधान? तुमच्या बाबाचं उट्टं माझ्या पोरीवर काढलंत." मी त्याला म्हणू शकले असते की तिनं विचारलं होतं. ते खरंही होतं. पण त्याचं म्हणणं पूर्ण खोटं आहे असं मी स्वतःला अजून पटवू शकलेले नाही.

पेपर झाल्यावर धर्माबादला जाताना गौरी माझ्याकडं थांबली. बारीक झाली होती. चहा झाला, बिस्किटं तिनं घेतली नाहीत. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "चांगला नाही गेला." मग म्हणाली, "आत्या, नंतर सांगितलं असतंस तरी चाललं असतं. ते सगळे दिवस मी नुसती भिंतीकडं बघत बसले."

"तू विचारलंस. खरं सांग म्हणालीस."

"तसं विचारतात गं," ती म्हणाली. रागावलेली नव्हती, मला समजावत होती. "बरे आहेत हे ऐकायला विचारतात."

तिला मी स्टेशनवर सोडून आले.

आता मे संपत आलाय. शिवराजचा फोन येत नाही. गौरीचा येतो, पण मेसेज असतो, तब्येत विचारणारा. आई माझ्याकडंच आहे. संध्याकाळी आम्ही दोघी एका खोलीत बसतो, नळाला पाणी आलं का, दूध नासलं का, असं बोलतो. ती सांगते ते मी ऐकते. मी तिला काही विचारत नाही.